जास्त पावरची गोळी

बोईसर स्टेशनवर पहिल्यांदा उतरलेला माणूस नाकाला रुमाल लावतो. तारापूर एमआयडीसीची हवा त्याला झोंबते. रिक्षात बसता बसता तो विचारतो, ‘‘हा वास रोजच असतो का हो?’’ रिक्षावाला म्हणतो, ‘‘कसला वास?’’ तो थट्टा करत नसतो. वर्षानुवर्षं तोच वास घेऊन त्याच्या नाकाने आणि मेंदूने तो हिशेबातून काढून टाकलेला असतो. वास मात्र हवेत आहे तेवढाच आहे. नाकाला त्याची सवय झाली म्हणून फुफ्फुसांनाही झाली असं होत नाही.

हे प्रकरण दुखण्यावरच्या गोळ्यांचं आहे, पण हा रिक्षावाला आपल्याला पुन्हा लागणार आहे.

बोईसरहून पश्चिमेला समुद्राकडे गेलं की घिवली लागते. मच्छीमारांचं गाव, जवळच तारापूरचं अणुऊर्जा केंद्र. इथल्या एका तांडेलाची, म्हणजे बोटीच्या म्होरक्याची, गोष्ट सांगतो. हा तांडेल मी रचलेला आहे, पण त्याच्यासारखी माणसं या किनाऱ्यावरच्या कुठल्याही दवाखान्याच्या बाकड्यावर दिसतील. वय पन्नाशीचं. तीस वर्षं डोल जाळं ओढून कंबर गेलेली. सुरुवातीला पॅरासिटामॉलने भागलं. मग डायक्लोफेनॅकच्या सुया. मग कुणीतरी ट्रॅमॅडॉल आणि पॅरासिटामॉलची जोडगोळी लिहून दिली आणि पहिल्या रात्री तो सलग सहा तास झोपला. कित्येक महिन्यांत अशी झोप लागली नव्हती. सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी होती, ती सहा महिन्यांत दिवसाला चार झाली. वर्षभराने तो दवाखान्यात येऊन म्हणतो, ‘‘डॉक्टर, ही आता लागू पडत नाही. जास्त पावरची द्या.’’

त्याच्या शरीरात जे झालं त्याला वैद्यकाच्या मराठी पुस्तकांत ‘सहनशीलता’ म्हणतात. मला हा शब्द पटत नाही. सहनशीलता म्हटलं की सोसण्याची ताकद डोळ्यांपुढे येते, आणि इथे तर सोसण्याची ताकद वाढलेली नसून औषधाचा जोर उतरलेला असतो. आपल्या आज्या त्याला ‘अंगवळणी पडणं’ म्हणत, ते जास्त बरोबर होतं. त्यांना हे पुस्तकातून कळलेलं नव्हतं. मुंबईच्या गिरण्यांत पाळीला जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलाला अफू घातलेली बाळागोळी चाटवून जात, म्हणजे आई परत येईपर्यंत मूल झोपून राही. गेल्या शतकाच्या पहिल्या दशकांत ही रीत चाळींमधून सर्रास होती. काही दिवसांनी तेवढ्या गोळीवर मूल झोपेनासं होई, मग थोडी जास्त चाटवावी लागे. किती बाळं त्या ‘थोड्या जास्त’ने उठलीच नाहीत, हे कुठल्या वहीत नोंदलेलं नाही.

अफूचं आणि या किनाऱ्याचं नातं तसं जुनं आहे. इथून उत्तरेला दमण आहे. माळव्याच्या अफूवर मुंबईत कंपनी सरकारची नजर होती, तेव्हा व्यापारी ती सिंधमार्गे फिरवून पोर्तुगीजांच्या दमणला आणत आणि तिथून चीनला धाडत. १८४३ साली इंग्रजांनी सिंध घेतला आणि ती वाट बंद झाली. आजही मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते आणि तिच्यातून नीमच आणि गाझीपूरच्या कारखान्यांत मॉर्फिन निघतं.

मॉर्फिन, कोडीन, फेंटॅनिल, ट्रॅमॅडॉल, टॅपेन्टाडॉल ही सगळी एकाच कुळातली. त्यांना ओपिऑइड म्हणतात. मज्जारज्जू आणि मेंदूतल्या पेशींवर काही ग्राहक (रिसेप्टर) असतात, त्यांना चिकटून ही औषधं दुखण्याचा निरोप वर पोहोचू देत नाहीत. असे ग्राहक आहेत हे १९७३ साली सिद्ध झालं. लगेच प्रश्न आला की माणसाच्या मेंदूत अफूसाठी जागा राखून कुणी ठेवली? उत्तर दोन वर्षांनी मिळालं. शरीर स्वतःच अफूसारखी द्रव्यं बनवतं आणि ती जागा त्यांची आहे. बाहेरून आलेली गोळी त्या जागेवर येऊन बसते.

ती रोज, दिवसातून चार वेळा येऊन बसू लागली की पेशी बंदोबस्त करते. काही ग्राहक निरोप पुढे देणं कमी करतात, काही पेशीच्या आत ओढून घेतले जातात. त्याच वेळी पेशीच्या आतली यंत्रणा औषधाच्या विरुद्ध दिशेला जोर लावू लागते. औषध दाबतंय, तर ती वर ढकलते. दोन्ही जोर सारखे झाले की तांडेलाला वाटतं, गोळी लागत नाही. आणि एखाद्या दिवशी गोळी घेतलीच नाही, तर वर ढकलणारा जोर एकटाच उरतो. नाक गळतं, जांभया येतात, अंगावर काटा राहतो, पोटात पिळवटून जुलाब होतात, पाय स्वस्थ राहत नाहीत आणि कंबर पूर्वीपेक्षा जास्त दुखते. तांडेल म्हणतो, ‘‘बघा, गोळी सोडली की किती दुखतं!’’ त्यातलं किती दुखणं कमरेचं आणि किती गोळी सुटल्याचं, हे त्याला सांगता येत नाही. पहिल्या दिवशी डॉक्टरलाही येत नाही.

घरचे इथे चूक करतात. ‘‘याला नशा लागली,’’ असं भाऊ म्हणतो. अंगवळणी पडणं, शरीराचं औषधावर अवलंबून राहणं आणि व्यसन या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन कुणालाही होतात. संत माणसाला महिनाभर रोज मॉर्फिन द्या, त्यालाही होतील. व्यसनात माणूस नुकसान होताना दिसत असूनही औषधामागे धावतो, खोटं बोलतो, चिठ्ठी बदलतो, कामधंदा टाकतो. तांडेल तसं काही करत नाही. त्याला फक्त पहाटे बोटीवर जायचं आहे. त्याला व्यसनी म्हटलं की तो गोळ्या लपवून खाऊ लागतो, आणि खरा धोका तिथून सुरू होतो.

आता रिक्षावाल्याकडे येऊ. नाकाला सवय होते, फुफ्फुसाला नाही. ओपिऑइडचंही तसंच आहे. मळमळ आणि झोपाळूपणा यांची सवय काही दिवसांत होते. दुखणं शमण्याची सवय हळूहळू होते. आतड्यांना जवळजवळ कधीच होत नाही, म्हणून मॉर्फिनची चिठ्ठी लिहिताना जाणता डॉक्टर त्याखाली जुलाबाचं औषधही लिहितो. आणि श्वास? श्वासाचा वेग मंदावण्याची सवय होते खरी, पण तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. दुखण्यासाठी डोस वाढवत नेताना श्वासाजवळचं सुरक्षित अंतर कमी होत जातं. त्यात रात्री ताडी किंवा दारू आली, झोपेसाठी अल्प्राझोलामची गोळी आली, घोरताना श्वास अडकण्याचा आजार असला, की ते अंतर संपतं. ट्रॅमॅडॉलचा आणखी एक स्वभाव आहे. दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या वर गेलं की झटके येण्याचा धोका वाढतो. शिवाय जोडगोळीत ट्रॅमॅडॉल ३७.५ मिलिग्रॅम तर पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम असतं. अशा आठ-दहा गोळ्या खाणाऱ्याला आपण यकृतावरही भार टाकतोय याचा पत्ता नसतो, वर तापासाठी तो आणखी पॅरासिटामॉल घेतो.

कॅनडातल्या शेपर्ड सीगल या मानसशास्त्रज्ञाने १९८२ साली उंदरांवर केलेला एक प्रयोग मला या विषयातला सगळ्यात विलक्षण वाटतो. उंदरांना एका ठरावीक खोलीत हेरॉईनची सवय लावली. मग सगळ्यांना एकदम मोठा डोस दिला, अर्ध्यांना त्याच ओळखीच्या खोलीत, अर्ध्यांना अनोळखी खोलीत. तुलनेसाठी घेतलेल्या, आधी कधीच हेरॉईन न मिळालेल्या उंदरांपैकी ९६ टक्के मेले. ओळखीच्या खोलीतले ३२ टक्के मेले. अनोळखी खोलीतले ६४ टक्के. औषध तेच, डोस तोच, सवयही तेवढीच, फरक फक्त खोलीचा. ओळखीच्या जागी शरीर औषध येण्याआधीच कंबर कसून तयार होतं. जागा बदलली की ती तयारी होत नाही. म्हणजे अंगवळणी पडण्याचा काही भाग पेशीत असतो आणि काही भाग भिंतींत, अंथरुणात, चहाच्या वेळेत असतो. उंदरांचा आकडा माणसाला जसाच्या तसा लावू नये. पण खंडानंतरचा धोका माणसांत पक्का माहीत आहे. दोन-तीन आठवडे गोळी बंद राहिली आणि मग जुन्याच डोसने सुरू केली, तर शरीर दरम्यान विसरलेलं असतं. असे काही लोक झोपेतच जातात.

आता तांडेल समोर बसलेला आहे. जास्त पावरची गोळी लिहून देणं ही दोन मिनिटांची गोष्ट आहे. न लिहून देण्याला अर्धा तास लागतो, आणि तो अर्धा तास आपल्याकडच्या दवाखान्यात सापडत नाही, हे मान्य करूनच पुढचं वाचावं.

पहिला प्रश्न असा की दुखणं वाढलं आहे की औषध उतरलं आहे. पायात मुंग्या नव्याने आल्या, ताकद गेली, लघवी अडली, वजन उतरलं, रात्री ताप येऊ लागला, तर ही सवय नाही, आजार पुढे गेला आहे. तिथे गोळीचा विचार मागे ठेवून एमआरआय आणि रक्ताच्या तपासण्या कराव्या लागतात. कमरेचा क्षय आपल्याकडे दुर्मीळ नाही. दुसरी शक्यता अधिक चमत्कारिक आहे. काही जणांत ओपिऑइडच दुखणं वाढवतं. दुखणं कमरेपुरतं न राहता पाठभर, मांडीभर पसरतं, साधा सदऱ्याचा स्पर्शही खुपतो आणि डोस वाढवला की बरं वाटण्याऐवजी आणखी बिघडतं. अशा माणसाला जास्त पावर देणं म्हणजे आगीवर रॉकेल. त्याला डोस उतरवावा लागतो, आणि उतरवल्यावर दुखणंही उतरतं. हे पटवून देणं मात्र फार अवघड.

दोन्ही नाहीत, खरोखरच सवय झाली आहे, असं ठरलं तर वाट काय? एक वाट आहे औषध फिरवण्याची. एका ओपिऑइडची सवय दुसऱ्याला पूर्ण लागू होत नाही, त्यामुळे बदललेलं औषध कमी मात्रेतही काम करतं. म्हणून तक्त्यातून समान डोस काढल्यावर त्यातून २५ ते ५० टक्के कापून सुरुवात करतात. हे कापणं विसरलं की अपघात होतो. मेथॅडॉनला तर हे तक्तेही नीट लागू पडत नाहीत, ते अंगात साठत जातं, त्यामुळे ते अनुभवी हातांतच असावं. ब्युप्रेनॉर्फिनची कातडीवर चिकटवायची, सात दिवस चालणारी पट्टी अनेकांना सोयीची पडते. त्याचा श्वासावरचा परिणाम एका मर्यादेपलीकडे फारसा वाढत नाही, हा त्याचा मोठा गुण. फेंटॅनिलची पट्टी तीन दिवसांची असते. ती अंगावर असताना ताप आला किंवा माणूस भर उन्हात राहिला, तर कातडीतून औषध जास्त वेगाने आत जातं. चैत्र-वैशाखात उघड्या बोटीवर काम करणाऱ्याला ती देताना दहा वेळा विचार करावा.

दुसरी वाट ओपिऑइडवरचा भार कमी करण्याची. नसेचं दुखणं असेल तर अ‍ॅमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन, प्रीगॅबालिन यांचा उपयोग होतो. पण ड्युलॉक्सेटिन ट्रॅमॅडॉलसोबत द्यायचं तर जपून द्यावं लागतं आणि प्रीगॅबालिन कुठल्याही ओपिऑइडसोबत झोप आणि श्वासावर भर घालतं. एखाद्याला सांध्यातली किंवा नसेजवळची सुई महिनोन्‌महिने पुरते. व्यायाम आहेच, आणि इथे मला जरा चीड येते. कारण व्यायामाचं नाव चिठ्ठीच्या तळाशी एका ओळीत लिहिलं जातं, शिकवत कुणी नाही. अमेरिकेत २४० माजी सैनिकांवर वर्षभर चाललेल्या चाचणीचा निकाल २०१८ साली प्रसिद्ध झाला. जुनी कंबरदुखी आणि गुडघ्या-खुब्यांच्या संधिवातासाठी निम्म्यांना ओपिऑइड दिले, निम्म्यांना साधी औषधं. वर्षाअखेर रोजची कामं दोघांना सारखीच जमत होती, आणि दुखणं ओपिऑइडवाल्यांचं किंचित जास्तच होतं. म्हणजे ज्या आजारासाठी तांडेल पावर मागतोय, त्या आजारात या औषधांचा मुळात फारसा आधार नाही.

तिसरी वाट उतरण्याची. वर्षाहून जास्त काळ ओपिऑइड घेणाऱ्याचा डोस महिन्याला दहा टक्के किंवा त्याहूनही हळू उतरवावा, असं अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०२२ साली सांगितलं. त्यांना हे सांगावं लागलं, कारण त्यांच्याच २०१६ च्या सूचनांचा अर्थ अनेक डॉक्टरांनी ‘ताबडतोब बंद करा’ असा काढला होता. एका रात्रीत गोळ्या तुटलेले रुग्ण वेदनेने हैराण झाले, काहींनी जीव दिला, काही रस्त्यावरच्या हेरॉईनकडे वळले. २०१९ साली तिथल्या औषध प्रशासनाला एकदम बंद न करण्याचा इशारा द्यावा लागला. तांडेलाचा भाऊ जेव्हा रागाने गोळ्यांची पट्टी खाडीत फेकून देतो, तेव्हा तोही तेच करत असतो.

आणि मोजायचं काय? ‘‘दहापैकी किती दुखतं?’’ या प्रश्नाला तांडेल रोज ‘आठ’ म्हणेल. त्याला विचारावं, बसून किती वेळ जाळं शिवता येतं? बंदरापर्यंत न थांबता चालता येतं का? रात्री किती वेळा उठावं लागतं? डोस वाढला आणि जाळं शिवण्याची वेळ वाढली नाही, तर तो डोस वाया गेला.

याच गावात, समजा दोन गल्ल्या पलीकडे, एक आजी आहे. मशेरीने तोंडाचा कॅन्सर झालेला, परळच्या टाटा हॉस्पिटलातून घरी आणलेली. तिला मॉर्फिन हवं आहे आणि ते मिळत नाही. मिळालं तरी सून म्हणते, ‘‘नको, मॉर्फिन म्हणजे शेवट.’’ कॅन्सरमध्ये डोस वाढवावा लागतो तो बहुतेक वेळा आजार वाढल्यामुळे, आणि काळजीपूर्वक पायरी पायरीने वाढवला तर मॉर्फिनला ट्रॅमॅडॉलसारखी ठरावीक वरची हद्द नाही. या आजीच्या बाबतीत सवयीची भीती घालणं मला क्रूरपणा वाटतो.

आजीला मॉर्फिन का मिळत नाही, याचं बरंचसं उत्तर १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यात आहे. नशेला आळा घालताना त्याने दवाखान्यांतलं मॉर्फिनही आटवलं. परवाने इतके की औषध दुकानदारांनी आणि रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडलं. २०१४ साली कायदा बदलला आणि मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथॅडॉन, कोडीन, ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन या सहा औषधांसाठी मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना सोपी वाट दिली. केरळच्या डॉ. एम. आर. राजगोपाल यांनी त्यासाठी अनेक वर्षं खस्ता खाल्ल्या. तरीही ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१७ साली मांडलेल्या हिशेबात भारतात वेदना शमवण्याची फक्त ४ टक्के गरज भागत होती. अमेरिकेत गरजेच्या तीसपटींहून जास्त ओपिऑइड वाटले जात होते. मराठी मुलखात कामं झाली आहेत. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, टाटा हॉस्पिटलचा परिहार सेवा (पॅलिएटिव्ह केअर) विभाग आहे, आणि घिवलीच्याच जिल्ह्यातल्या जव्हारला मुलांच्या परिहार सेवेचा प्रकल्पही चालला होता. पण घिवलीची आजी परळपर्यंत रोज जाऊ शकत नाही.

उलट तांडेलाच्या गोळीला फारशी अडचण नव्हती. ट्रॅमॅडॉल एप्रिल २०१८ मध्ये अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं, तोवर ते मेडिकलमध्ये जवळजवळ मागाल तसं मिळे. मग मागणी टॅपेन्टाडॉलकडे वळली. फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीने उघड केलं की मुंबईच्या एव्हिओ फार्मास्युटिकल्सच्या टॅपेन्टाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल एकत्र असलेल्या गोळ्या घाना, नायजेरिया आणि आयव्हरी कोस्टमध्ये नशेसाठी विकल्या जात होत्या. केंद्र आणि राज्याच्या औषध निरीक्षकांनी तपासणी करून सुमारे १ कोटी ३० लाख गोळ्या-कॅप्सूल जप्त केल्या, काम थांबवलं, आणि त्या जोडीच्या उत्पादन-निर्यातीचे परवाने मागे घेतले गेले. एका देशातून कोट्यवधी गोळ्या बाहेर जातात आणि त्याच देशात कॅन्सरच्या आजीला मॉर्फिनची एक पट्टी मिळत नाही. याला कायद्याचा धाक म्हणत नाहीत, गैरव्यवस्था म्हणतात.

घरात कुणी अशी गोळी घेत असेल, तर ती स्वतःच्या मनाने वाढवू नका आणि रागाने बंदही करू नका. ती मुलांच्या हाताला लागणार नाही अशी कुलुपात ठेवा, शेजाऱ्याच्या कमरेसाठी उसनी देऊ नका. गोळी घेणारा माणूस उठवूनही नीट उठत नसेल, श्वास अगदी संथ किंवा घरघरता झाला असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर ‘झोपू दे त्याला’ म्हणू नका, १०८ ला फोन करा. आणि भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकोनात रोज दोन गोष्टी लिहा: किती गोळ्या घेतल्या आणि किती वेळ काम झालं. डॉक्टरकडे जाताना रिकाम्या पट्ट्या पिशवीत घाला आणि महिन्याचं ते पान फाडून सोबत न्या.